नंबरावरचं कुंकू

लग्नात भावाने मला लोखंडी कपाट दिलं होतं. हिरव्या रंगाचं, दाराला आरसा, आत एक छोटं लॉकर. भाऊ म्हणाला होता, तुझं सोनंनाणं यात ठेव. सोनं म्हणजे एक पोत, दोन बांगड्या आणि कानातलं. उमरीला सासरी कपाट उतरवलं त्याच दिवशी सासऱ्यांनी लॉकर उघडलं, आत हात घालून खोली मापली आणि म्हणाले, "बरं झालं. त्याला जागा झाली." मग पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी आत ठेवली आणि किल्ली करदोट्याला बांधली. माझी पोत आणि बांगड्या पुढे कायम ज्वारीच्या पिठाच्या डब्यात राहिल्या. पीठ तळाला गेलं की मला धास्ती वाटायची, म्हणून मी ते कधी संपू देत नसे.

ती वस्तू म्हणजे सासऱ्यांचं रिव्हॉल्वर. तरुणपणी ते किनवटच्या जंगलात बांबूचे ठेके घेत. मजुरांचे पैसे घेऊन रानातून जायचं म्हणून लायसन काढलेलं. रिव्हॉल्वर हैदराबादच्या एका घरातून आणलं होतं, निजामाच्या वेळच्या कुण्या अंमलदाराचं, विलायती बनावटीचं. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. "ते आत ठेवलं का?" "ते काढा, दसरा आला." मी नवऱ्याला 'हे' म्हणायचे. घरात एक 'हे' होते आणि एक 'ते', आणि दोघांचं मन सांभाळायचं काम माझं होतं.

दसऱ्याला ते पाटावर यायचं. खाली नवं फडकं, भोवती झेंडूची फुलं, शेजारी विळा, कुऱ्हाड आणि माझा अडकित्तासुद्धा. सगळ्या हत्यारांना कुंकवाचं बोट लागायचं, पण त्याची जागा ठरलेली होती. मुठीच्या वर, घोड्याच्या खाली, लोखंडात त्याचा नंबर कोरलेला होता. सासरे हळदीत बोट बुडवून बरोबर त्या नंबरावर लावायचे, त्यावर कुंकू आणि त्यावर अक्षता. मी नवीन होते तेव्हा मला उद्देशून नाही, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "नाव असतं तिथं कपाळ असतं. कुंकू कपाळालाच लावायचं."

घराचा आणखी एक नेम होता. दसऱ्याला लावलेलं कुंकू दिवाळीच्या पाडव्यापर्यंत पुसायचं नाही. तसंच गुंडाळून लॉकरमध्ये ठेवायचं. पाडव्याला खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसायचं. तेल माझ्या केसांच्या बाटलीतलं. सासरे गेले, लायसन ह्यांच्या नावावर झालं, तरी नेम तोच राहिला. त्यांचं बोटसुद्धा बापासारखंच त्या जागी जायचं, न बघता.

मी असेपर्यंत ते कधी उडाल्याचं मला आठवत नाही. लग्नाकार्यात हे कोटाच्या आत कमरेला लावून जायचे. एका बाजूला वजन, म्हणून त्यांचे सगळे कोट एकाच बाजूला झिजलेले. मी त्या बाजूला आतून ठिगळ लावायचे. लोक म्हणायचे, "दाखवा की जरा." हे नुसते हसायचे. दाखवत नसत. निवडणूक लागली की लायसनवाल्यांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. तेवढे दिवस ह्यांचं जेवणात लक्ष नसायचं. एकदा म्हणाले, "लेक सासरी गेल्यासारखं घर झालंय." आमची लेक खरोखर लातूरला सासरी गेली तेव्हा एवढं काही बोलले नव्हते. मला तेव्हा राग आला होता का, आता आठवत नाही. आता रागाला ताकद लागते असं वाटतं.

मग ह्यांचं मूत्रपिंडाचं दुखणं सुरू झालं. कधी नांदेड, कधी लातूर. आमच्या वाट्याला शेत आलं होतं आणि घर धाकट्या दिराच्या नावावर होतं. शेत हळूहळू दुखण्यात गेलं. पिठाच्या डब्यातलंही गेलं. लेक एकदा दवाखान्यात म्हणाली, "बाबा, ते विका ना. लोक लाखांनी घेतात म्हणे जुनं." ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तो विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही.

त्या वर्षी दसऱ्याला त्यांना उठवत नव्हतं. दिराने आणि मी धरून पाटापर्यंत नेलं. बोट कापत होतं, तरी नंबरावरच गेलं. दिवाळीच्या आधी हे वारले. माणूस गेला की लायसन गेलं, हत्यार घरात ठेवता येत नाही, म्हणून दिराने दहाव्याच्या आतच ते नांदेडच्या हत्यारांच्या दुकानात जमा केलं. तसंच, फडक्यात गुंडाळलेलं. पाडवा यायचा होता, त्यामुळे त्याचं कुंकू कुणी पुसलं नव्हतं. माझं पुसलं होतं.

मी ज्यात राहायचे त्या दोन खोल्या रस्त्याच्या बाजूला आहेत. वेगळं दार, दारात नळ. दर दिवाळीला त्या मीच सारवल्या, फरशी आली तेव्हा मीच पुसल्या, चुना मीच दिला. दीर म्हणायचे, "राहा की वहिनी, कोण हाकलून राहिलं?" पण डाळ निवडता निवडता जाऊ एकदा हळूच म्हणाली, "आक्का, खताच्या दुकानवाल्याला गोडाऊन पाहिजे. दोनदा येऊन खोल्या बघून गेला." ती माझ्याकडे न बघता बोलली. वाईट वाटत असणार तिला. दुसऱ्या आठवड्यात पिशवी भरून लेकीकडे लातूरला गेले.

लेकीचं घर चांगलं आहे, जावई त्याहून चांगले. पण घर म्हणजे एक खोली आणि एक हॉल. हॉलमध्ये मी झोपायचे. जावयाला पहाटेची पाळी असायची. माझी झोप मोडू नये म्हणून ते दिवा न लावता चहा करायचे आणि बूट हातात घेऊन बाहेर जायचे. जिन्यावर बसून बूट घालायचे. मी डोळे मिटून जागीच असायचे. आपल्या घरातून माणसाने रोज असं चोरासारखं निघायचं आणि तेही माझ्यामुळे. लेकीला म्हटलं तर म्हणायची, "तुला काय त्याचं, झोप तू." मला माझ्या दोन खोल्या हव्या होत्या. दुसरं काही नको होतं. पण हे बोलायचं कुणाशी?

बोलायची वेळ दिरानेच आणली. रिव्हॉल्वर आपल्या नावावर व्हावं म्हणून त्यांनी अर्ज केला होता. त्याला माझी आणि लेकीची हरकत नाही, अशी सही लागत होती. त्यांनी लातूरला फोन केला. लेकीने फोन मोठ्या आवाजात ठेवला आणि मला डोळ्यांनी गप्प बस म्हणाली. मी तशीही गप्पच होते.

"काका, सही देऊ की आम्ही," लेक म्हणाली. "आईच्या दोन खोल्या आईच्या नावावर करा."

"अगं बाई, खोल्या कुठं, ते लोखंड कुठं? वजनाला ठेवायचं म्हणलं तरी काट्यावर बसंल का?"

"लोखंड आहे तर मग तुम्हाला कशाला पाहिजे?"

मग दीर म्हणाले, "असं करू. दुकानदार म्हातारा माणूस हाय, खोटं बोलायचा न्हाई. त्यो किंमत सांगंल. खोल्यांच्या जवळपास गेली तर खोल्या वहिनीच्या. न्हाई गेली तर त्यो म्हणंल तेवढे पैसे मी देतो, न् सही करायची. वहिनीला घेऊन येतो मी दुकानात. डोळ्यादेखत."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. म्हणजे माझ्या खोल्या आता त्या वस्तूवर होत्या.

मी लातूरहून एसटीने उमरीला आले आणि दुसऱ्या दिवशी दिरांबरोबर रेल्वेने नांदेडला गेले. दिरांशी मी समोरासमोर कधी फारसं बोललेले नाही. हे असताना ह्यांच्यातून, नंतर जावेतून. गाडीत ते समोर बसले, मी पदर पुढे घेऊन खिडकीकडे. वाटेत तेच बोलत होते.

"वहिनी, गंज चढलाय बरं का त्याला. आधीच सांगून ठेवतो."

"हं."

"घोडा बी सैल वाटतो. दादाने कधी दुरुस्तच केलं न्हाई."

"हं."

"न् असल्या जुन्या वस्तूला आता कोण विचारतंय? सगळ्यांना नवं लागतं."

बैलबाजारात घेणारा दात बघायच्या आधीच बैल लंगडतो म्हणतो, तसं चाललं होतं. मी ऐकत होते. संसारभर मला वाटायचं, ते हरवलं तर बरं, ठाण्यातून परत आलंच नाही तर बरं. आणि आता मुदखेड मागे पडलं तसं मी मनात म्हणत होते, बाबा रे, चांगला निघ. एवढ्या वेळी तरी माझ्या कामाला ये.

दुकान अरुंद होतं. दाराला लोखंडी जाळी, भिंतीला साखळीत अडकवलेल्या बंदुका. दुकानदार म्हातारे होते, मेंदी लावलेली दाढी, नाकावर चष्मा. ते उठून उभे राहिले. "आओ भाभी, बसा. मालक, तुम्ही बी बसा. पंख्याखाली भाभींना बसू द्या." मग आतल्या तिजोरीतून ते फडकं घेऊन आले.

फडकं उघडलं तेव्हा सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या गादीवर सांडल्या. नंबराच्या जागी कुंकवाचा खपलीसारखा जाड काळपट थर होता. फुलांशिवाय, पाटाशिवाय ते मी पहिल्यांदाच बघत होते. केवढंसं होतं.

"जमा करायला आणलं तेव्हा हळदकुंकू बघून मी हात लावला न्हाई," दुकानदार म्हणाले. "म्हटलं, घरातलं दैवत दिसतंय. लायसनवरचा नंबर उतरून घेतला न् तसंच ठेवलं." मग ते माझ्याकडे वळले. "भाभी, आता पुसावं लागंल. पुसू?"

मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. ह्यांच्या हाताचं ते शेवटचं होतं. मी मान हलवली.

पण त्यांनी लगेच पुसलं नाही. आधी ते नाकाजवळ नेलं आणि वास घेतला. "खोबरेल?" म्हणाले. "मालक, हत्यार हाय का वेणी?" दीर कसनुसे हसले. मग त्यांनी नळी बिजागरीवर खाली वाकवून उघडली, मागे पांढऱ्या कागदाचा तुकडा धरला आणि पुढून उजेडात डोळा लावला. बराच वेळ बघितलं. "आत थोडी खरूज हाय. चालंल." गोळ्यांची चक्री कानाजवळ धरून एकेक घर फिरवली, टक, टक, टक. मग चक्री बोटांत धरून हलवली. "दाढ हलती जरा. म्हातारपणी हलतीच." नळीच्या टोकाला रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं. "कातड्याच्या म्यानात जा-ये करून गेला ह्यो. चांगली झीज हाय ही. खोटी न्हाई." प्रत्येक गोष्टीला ते 'हं' म्हणायचे आणि मी त्या 'हं'मध्ये माझी एकेक वीट शोधत होते.

मग त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, रॉकेलमध्ये बुडवला आणि कुंकवाच्या जागी फिरवला. कापूस लाल झाला, तपकिरी झाला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग हात थांबला. त्यांनी भिंग काढलं, दिव्याखाली धरलं, तिरपं केलं, पुन्हा सरळ केलं.

"मालक, नंबर कुठाय?"

"तिथंच हाय की," दीर म्हणाले. "कुंकवाखाली."

"कुंकवाखाली खड्डे हायत."

दीर उठून वाकले. मीही जागेवरून बघितलं. बाकी लोखंड काळसर, गुळगुळीत, आणि तेवढीच जागा देवीच्या व्रणांसारखी खडबडीत. आकडा म्हणून ओळखावा असं काही उरलं नव्हतं. पाडव्याचा तेलाचा बोळा वरवरच फिरायचा आणि ठाण्यात लायसन बघूनच नोंद व्हायची, लोखंडाकडे कुणी नीट बघितलंच नव्हतं.

"काय लावत होते इथं?"

"दुसरं काय? हळदकुंकू. दसऱ्याला."

"दसऱ्याला सगळेच लावतात. पुसत कवा होते?"

"पाडव्याला. आमच्या घरचा नेम हाय."

"दरसाल?"

"वडलांपासून."

दुकानदारांनी चष्मा काढून दिरांकडे बघितलं. "मालक, कुंकवात चुना असतो, हळद ओल धरती, न् दिवस पावसाळ्याच्या शेवटाचे. अहो, देवाला बी रोज आंघोळ घालतात!"

मग त्यांचा आवाज उतरला. नंबर नसेल तर किंमत शून्य, ते म्हणाले. शून्याच्याही खाली. बिननंबरी हत्यार त्यांना दुकानात ठेवता येत नव्हतं, विकता येत नव्हतं, कुणाच्या नावावर करता येत नव्हतं. ते ठाण्यात जाणार आणि तिथून वितळवायला.

दीर खाली बसले. त्यांचा चेहरा असा झाला, की ह्यांची बातमी ऐकली त्या दिवशीही तसा झाला नव्हता. "वितळवायला?" एवढंच म्हणाले. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. खताच्या गोण्या माझ्या खोलीत लागलेल्या मला दिसल्या. नाव तिथं कपाळ, म्हणाले होते सासरे. भक्तीनेच ते नाव खाल्लं होतं. कुणाला दोष द्यायचा? सगळ्यांनी नेमच पाळला होता.

दुकानदार मात्र उठले नव्हते. मूठ चाचपत होते. "थांबा," म्हणाले. "विलायतवाले एका जागेवर भरवसा ठेवत नसत." बारीक पेचकस घेऊन त्यांनी मुठीचा स्क्रू सोडवला आणि लाकडाचं एक पान काढून, ठेवायला जागा नव्हती म्हणून, माझ्या हातात दिलं. लाकूड बाहेरून एवढं गुळगुळीत होतं, की त्यावरची नक्षी फक्त कडेला उरली होती. मधला भाग ह्यांच्या आणि सासऱ्यांच्या तळव्याने गेला होता. आतल्या बाजूला हळदीने पिवळा झालेला तांदळाचा एक दाणा अडकलेला होता. मी तो काढला नाही.

लाकडाखालचं लोखंड नव्यासारखं होतं. तिथे आकडे होते. बारीक, सरळ, धारदार. तिथे कुणाचं बोट कधी पोहोचलं नव्हतं.

"भाभी, तुमची नजर चांगली हाय. वाचा."

इंग्रजी आकडे मला येतात, फोनमुळे शिकले. मी भिंगातून एकेक आकडा वाचला आणि ते लायसनवर बोट ठेवत गेले. शेवटचा आकडा जुळला तेव्हा दिरांनी तोंडावरून हात फिरवला.

"चला, जिवंत हाय," दुकानदार म्हणाले. "ह्याचा फोटो काढून वर कळवू, परवानगी मिळंल."

मग किंमत. ते बराच वेळ दाढी खाजवत होते. म्हणाले, शौकाने जुन्या वस्तू गोळा करणारा याला हात लावायचा नाही. त्याला मूळ रंग लागतो, बाहेरचा नंबर स्वच्छ लागतो. तो खड्डा बघूनच तो दुकानाच्या पायऱ्या उतरेल. पण यंत्र चांगलं आहे, आणि विलायतेचं आता येत नाही, म्हणून वापरायला घेणारा लायसनवाला मिळेल. निजामाबादकडचं एक गिऱ्हाईक विचारून गेलेलंही होतं. आणि त्यांनी आकडा सांगितला.

आकडा खोल्यांच्या जवळपास नव्हता. एक भिंत झाली असती. नळासकट म्हटलं तर दीड.

"ऐकलं ना वहिनी?" दीर म्हणाले. आवाजात पुन्हा बळ आलं होतं. "माझ्या पदरचं न्हाई, दुकानदारांनी सांगितलं."

ऐकलं होतं. मी उठायच्या तयारीत होते. लातूरची गाडी, हॉल, जिन्यावरचे बूट. हातातलं लाकडाचं पान परत द्यायचं म्हणून मी पुढे बघितलं, आणि तेव्हा मला दिरांचे हात दिसले.

त्यांनी ते उचलून घेतलं होतं. आपल्या स्वच्छ रुमालाच्या टोकाने ते त्या खड्ड्यांवर हळूहळू फिरवत होते, लेकराच्या तोंडाला लागलेलं पुसावं तसं. दुकानदारांनी मूठ बसवायला हात पुढे केला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. दुकानदार म्हणाले, "द्या मालक." त्यांनी दिलं नाही. आणखी एकदा पुसलं.

मी पुढचं कसं बोलले मला माहीत नाही. दिरांशी नाही, दुकानदारांशीच बोलले. "दादा, निजामाबादचं गिऱ्हाईक आहे म्हणालात?"

"हाव भाभी."

"मग त्यांना देऊन टाका."

"वहिनी!" दीर ओरडले. भिंतीवरच्या बंदुका बघून मग आवाज खाली केला. "काय बोलून राहिल्या तुम्ही? घरातली वस्तू हाय. वडलांची हाय. दादाची हाय!"

"मला नको आहे ती," मी म्हटलं. "कधीच नको होती. भाऊजी, तुम्हीच म्हणालात, लोखंड आहे."

दीर दुकानदारांकडे बघायला लागले, जणू ते काहीतरी करतील. दुकानदारांनी खाली बघत स्क्रू कापसाने पुसायला घेतला. "मालक, मी विकायची किंमत सांगितली," ते म्हणाले. "ठेवायची किंमत मी कशी सांगू? ती तुमची तुम्हाला ठाऊक."

चहा आला. तिघांचाही तसाच राहिला, वर साय धरली. बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं, ते भांडण संपलं. दीर कपाकडे बघत म्हणाले, "खोल्या करतो नावावर. सही द्या."

"आधी खोल्या," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत ते शेंगदाण्याची पुडी घेऊन आले आणि निम्मी माझ्या बाजूला ठेवली. बोलले मात्र उमरीचं स्टेशन जवळ आल्यावर. "दादा असता तर तुम्ही असं केलं असतं का, वहिनी?"

उत्तर होतं माझ्याकडे. हे असते तर खोल्या मागाव्या लागल्या नसत्या. पण दिवसभराचं बोलणं माझं संपलं होतं.

खोल्या नावावर व्हायला बरेच महिने गेले. कचेरीत आज साहेब नाहीत, उद्या शिक्का नाही. लेक लातूरहून येऊन बसायची. झाल्या तेव्हा मी सही केली, तिनेही केली. खतवाल्याने दुसरीकडे जागा बघितली. मी परत आले तेव्हा एका भिंतीला ओल आली होती आणि नळाची तोटी कुणीतरी काढून नेली होती. मी पदर खोचून कामाला लागले. आनंद झाला का, असं लेकीने फोनवर विचारलं. मी म्हटलं, झोप लागली. कपाट जिथे होतं तिथेच होतं. लॉकर उघडलं तर आत नुसता खोबरेलाचा वास होता. ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. तरी मी किल्ली काढून माझ्या जुडग्यात घातली.

दिरांचं लायसन दसऱ्याच्या जरा आधी झालं. दसऱ्याच्या दिवशी मी माझ्या दारातच होते. मी पूजेला पुढे जात नाही आता. आतल्या अंगणात पाट मांडलेला दिसत होता, झेंडू दिसत होता. दीर हातात कुंकवाचा करंडा घेऊन उठले आणि सरळ माझ्या दाराशी आले. नवं धोतर, कपाळाला गंध. दुकानातल्या दिवसानंतर आम्ही धड बोललो नव्हतो.

"वहिनी," ते म्हणाले, "आता कुंकू कुठं लावायचं?"

माझ्या कपाळाकडे त्यांनी बघितलं नाही. मीही करंड्याकडे बघितलं नाही.

"पाटाला लावा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि ते गेले. मी बघत होते. बोट आधी सवयीने नंबराकडेच गेलं, अडलं, आणि मग पाटाच्या कडेला टेकलं.

पूजा झाल्यावर जाऊ सोन्याची पानं घेऊन आली. पाया पडली आणि उंबऱ्यावरच बसली. "आक्का, बघा आता काय झालं. माझ्या कपाटातलं लॉकर ह्यांनी त्याला दिलं. माझी पोत, पाटल्या सगळं बाहेर काढून ठेवलंय. म्हणतात, तुझं कुठंतरी ठेव. कुठं ठेवू सांगा?"

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे. तीही हसायला लागली, का ते कळायच्या आधीच.

"पिठाच्या डब्यात ठेव," मी तिला म्हटलं. "आणि पीठ संपू देऊ नको."